चोर नव्हता

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
तिनं पुन्हा बोंब ठोकली.
चोर नव्हता.
भिंतीवर एक सीगल असावा फार तर,
मी खिडकीशी येईतो तोही उडालेला.

बार्मथची आमची गल्ली
खांद्याला खांदा लावून समुद्राकडे उतरते,
त्यामुळे एका दारातली बोंब
सतरा दारांत सारखी वाटली जाते.
मी पायजम्यावर रेनकोट चढवून बाहेर.
हातात किल्ली, किल्लीला बटण, बटणावर अंगठा.
दाबलं. पुन्हा दाबलं.
चॅपेलात जोडले नसतील इतके मनापासून
हात जोडून दाबलं.

लाल, दोन सीटांची, जमिनीला पोट टेकलेली.
एकसष्टाव्या वर्षी घेतली,
शाळेतला रसायनशास्त्राचा फळा शेवटचा पुसून.
मुलगी फोनवर एवढंच म्हणाली,
"आत बसता येतं तुम्हाला?"
बसता येतं. उठणं हा वेगळा विषय.

बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडवली.
वाटलं, मुळावरच घाव घातला.
ती दुप्पट ओरडायला लागली.

भोंग्याच्या पोटात त्याची स्वतःची बॅटरी असते,
हे मला मागाहून कळलं.
कारखान्यातून निघताना त्याच्या कानात सांगितलेलं असतं :
एक दिवस कुणीतरी तुझी तार तोडेल.
तोच चोर. त्या दिवशी थांबायचं नाही.
सव्वीस वर्षं तो त्या दिवसाची वाट बघत होता
आणि तो दिवस आणला मी,
धन्यानं,
दहा नंबरच्या पान्यानं.

समोरचं दार उघडलं.
मिसेस प्रोबर्ट, हातात टॉर्च.
मी शिव्या खायच्या तयारीत.
बँगोरच्या इस्पितळात तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई,
तिनं बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवला, कपाळावर ठेवावा तसा.
"कधीपासून?"
"मंगळवारपासून."
"रोज?"
"हवा दमट असली की."
ती आत गेली आणि आपली गोधडी घेऊन आली,
चौकोनी तुकड्यांची, निळी, धुवून धुवून विरलेली.
आम्ही दोघांनी ती भोंग्याभोवती खोचली,
चारी बाजूंनी, नीट.
आवाज तीन घरं पलीकडे गेल्यासारखा झाला.
"दमेल," ती म्हणाली. "आणि खरं सांगू,
इडवल याहून मोठ्यानं घोरायचा."
पायरीवर बसून राहिलो.
चार वाजून पाच मिनिटांनी तो दमला.
आम्ही लगेच उठलो नाही.

सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भोंगा उघडला.
आत चार चिमुकले सेल, फुटलेले,
तांब्यावर हिरवट बुरशी चढलेली.
हे समीकरण मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं,
दोन्ही बाजू जुळवून.
इथे कुणी जुळवल्या नव्हत्या.

बोंबलणाऱ्याचं एक बरं असतं,
कुठे दुखतंय ते कळतं.
इमोबिलायझर गप्प.
किल्ली फिरते, काटे उठतात, पंखा गरगरतो,
स्टार्टर मात्र हूं की चूं करत नाही.
डॅशबोर्डवर लाल ठिपका : दोनदा लुकलुक, मग विश्रांती.
पुस्तिकेत पाहिलं. दोनदा म्हणजे
"अनोळखी किल्ली."
तीच किल्ली. तोच अंगठा.
रेक्सहॅमचा टॉमोस गुरुवारी येतो म्हणाला,
आणि फोन ठेवता ठेवता विचारलं,
गाडी तुमचीच, याचा काही कागद आहे ना?
दोन ड्रॉवर उपसले. गॅसची बिलं सापडली,
मुलीचं पोहण्याचं प्रशस्तिपत्रक सापडलं.

गोधडीवर तेलाचा डाग पडला, बशीएवढा.
परत द्यायला गेलो तर मिसेस प्रोबर्टनी घेतली नाही.
"राहू दे तिलाच. थंडी येतेय."

काल रात्री तीन दहाला जाग आली.
काहीच नव्हतं. समुद्र, आणि कुणाचं तरी पाण्याचं पाइप.
पडदा सारला.
बॉनेटवर गोधडी, काचेमागे तो ठिपका :
दोनदा. मग विश्रांती. दोनदा.
"प्रिचर्ड," मी म्हणालो,
खिडकीतून, पायजम्यात, उगाच.